स्लॅक: जो हजर नव्हता, त्याला किती कळतं?

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. टीम ८ ते २५ जणांची आहे, लीड पुण्यात, बाकीचे नागपूर, कोल्हापूर, बंगळुरू असे पांगलेले, क्लायंट अमेरिकेत किंवा युरोपात, अशी परिस्थिती असेल तर स्लॅक, म्हणजे टीमने आपसात लिहून बोलायचं ॲप, घ्या. टीम ५ जणांची असेल आणि सगळे एकाच वेळी कामाला बसत असतील तर गूगल चॅटवर भागतं, उगाच खर्च नको. आणि लीडलाच लिहायचा कंटाळा असेल तर टीम केवढीही असो, पैसे पाण्यात.

घरून काम करणाऱ्या टीमसाठी कुठलंही ॲप तपासायचं तर एकच प्रश्न विचारावा. काल दुपारी जो हजर नव्हता, त्याला काय ठरलं ते आज सकाळी कोणालाही न विचारता किती वेळात कळतं? हिंजवडीच्या ऑफिसात हा प्रश्न पडत नाही, कारण निम्मं चहाला जाताना कळतं आणि उरलेलं शेजारच्या खुर्चीवरून. अकोल्यात घरून काम करणाऱ्या डेव्हलपरला तो चहा नाही. तिला जे लिहिलं गेलं तेवढंच कळणार.

स्लॅकचा जन्मही अशाच गरजेतून झाला. एक ऑनलाइन गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीने वेगवेगळ्या शहरांतल्या आपल्याच माणसांसाठी ते आतल्या आत बनवलं. गेम चालला नाही, निरोपांचं हे हत्यार तेवढं उरलं. २०१४ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०२१पासून ते सेल्सफोर्सच्या मालकीचं आहे.

चॅनल आणि टपरी

पहिली चूक चॅनल, म्हणजे एकेका विषयाचा मेसेजचा फलक, काढतानाच होते. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी तीसेक चॅनल निघतात, मग काय कुठे लिहायचं ते कोणालाच कळत नाही आणि सगळं ‘जनरल’वर येऊन पडतं. १५ जणांना सुरुवातीला सहा-सात पुरतात: प्रत्येक प्रोजेक्टला एक, शिवाय ‘स्टँडअप’ (रोजचा कामाचा आढावा), ‘मदत’, ‘रजा’, ‘निर्णय’ आणि गप्पांना ‘कट्टा’. नावाला उपसर्ग लावायची सवय ठेवा. क्लायंटची माणसं ज्या चॅनलवर आहेत ते सगळे ‘क्लायंट-’ने सुरू करा. साइडबारमध्ये ते एकाखाली एक बसतात, आणि घरचं भांडण पाहुण्यांसमोर काढायचा प्रसंग टळतो.

यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी टीममध्ये दिसणारा चॅनल म्हणजे ‘निर्णय’. त्यावर चर्चा करायची नाही. एक निर्णय, एक मेसेज, चार ओळी: काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं, कधीपासून लागू. खाली मूळ चर्चेची लिंक. आठवड्याला असे तीन-चार मेसेज पडत असतील तर टीमची तब्येत ठीक आहे. महिनाभर एकही पडला नसेल तर निर्णय होतच असतात, फक्त ते डीएममध्ये, म्हणजे दोघांतल्या खासगी मेसेजमध्ये, होतात.

डीएम म्हणजे टपरीवरची चर्चा. दोघांना सगळं कळतं, तेराजणांना काही नाही. स्लॅकच्या ॲनालिटिक्समध्ये किती मेसेज खुल्या चॅनलवर गेले आणि किती डीएममध्ये, याचा वाटा दिसतो. लीडने महिन्यातून एकदा तेवढा एक आकडा बघावा. तो डीएमकडे झुकलेला असेल तर ‘चॅनलवर लिहा’ असा फतवा काढून उपयोग नाही. ज्युनिअर मुलं डीएममध्ये का विचारतात? सगळ्यांसमोर बावळट दिसायची भीती वाटते म्हणून. त्याला उपाय दोनच. डीएममध्ये प्रश्न आला की उत्तर न देता ‘हे मदतवर टाक, तिथे लगेच लिहितो’ म्हणायचं, आणि खरंच लगेच लिहायचं. दुसरा उपाय जरा जड जातो: लीडने स्वतःचे साधे, प्राथमिक प्रश्न उघडपणे चॅनलवर विचारायचे. लीड ‘मला हे माहीत नाही, कोणी सांगेल का’ असं लिहितो त्या दिवसापासून ‘मदत’ चॅनल खऱ्या अर्थाने चालू होतो.

एक मेसेज जवळून

स्लॅकवर सकाळी दिसणारं नेहमीचं चित्र असं असतं:

‘हाय’
‘आहेस का’
‘एक काम होतं’
‘ते लॉगिनचं परत आलंय, बघतोस का जरा’

चार मेसेज, चार टिंगटिंग, आणि माहिती शून्य. कुठलं लॉगिन, कोणाच्या फोनवर, कधीचं बिल्ड, म्हणजे ॲपची कुठली आवृत्ती? समोरचा तासाभराने ‘हो बोल’ म्हणतो, तेव्हा विचारणारा जेवायला गेलेला असतो. अर्धा दिवस ‘हाय’मध्येच संपतो. तोच मेसेज असा लिहिता येतो:

‘लॉगिन ओटीपी, टिकट ४१२, स्टेजिंग.
काय होतंय: दुसऱ्यांदा ओटीपी मागवला की नवा चालत नाही, पहिलाच चालतो.
कुठे: १२ ऑगस्टचं बिल्ड. अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे.
काय करून पाहिलं: ॲप काढून परत टाकलं, दुसऱ्या नंबरवरून पाहिलं. तेच.
काय हवंय: @बॅकएंड, फक्त कारण शोधून इथे लिही. दुरुस्ती आज नको.
कधीपर्यंत: आज, १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६, भारतीय वेळ. ७:३०च्या कॉलवर क्लायंटला सांगायचंय.’

लिहायला चारेक मिनिटं लागतात. पहिल्या ओळीत विषय आणि टिकट क्रमांक (कामाच्या यादीतल्या नोंदीचा क्रमांक) हवाच, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं आणि सहा महिन्यांनी शोधताना त्या क्रमांकावरच सापडतं. ‘काय करून पाहिलं’ ही ओळ नसेल तर पहिली तीन उत्तरं ‘ॲप काढून परत टाकून बघ’ अशीच येतात. आणि सगळ्यात किमती वाक्य म्हणजे ‘दुरुस्ती आज नको’. ते लिहिलं नाही तर कष्टाळू डेव्हलपर रात्री ११पर्यंत बसून दुरुस्ती करून टाकतो, न तपासलेला कोड स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चढवतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन बग होतात. काय नको ते सांगणं ऑफिसात समोरासमोर सहज होतं. लिहिताना ते मुद्दाम आठवावं लागतं.

एक बारीक सोय इथेच सांगतो. स्लॅकमध्ये एंटर दाबलं की मेसेज जातो, नवी ओळ हवी तर शिफ्ट-एंटर. सहा ओळींचा मेसेज लिहिताना एंटर दाबलं जातंच आणि अर्धवट मेसेज जातो. प्रेफरन्सेसमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये हे उलटं करता येतं: एंटरने नवी ओळ, कंट्रोल-एंटरने रवानगी. लीडने तरी ते पहिल्याच दिवशी करावं. लांब लिहिणारे लोक वाढतात ते उपदेशाने नाही, अशा सोयीने.

पुढचा भाग थ्रेडचा, म्हणजे एका मेसेजखाली जोडलेल्या उत्तरांचा. ज्याला काम सांगितलं त्याने मेसेजवर डोळ्यांचा इमोजी टाकायचा: वाचलं, हातात घेतलं. पूर्ण झालं की बरोबरची हिरवी खूण. हे दोन इमोजी टीमने ठरवून घेतले की ‘पाहिलंस का?’ विचारणारे मेसेज खूप कमी होतात. बाकी सगळी चर्चा मूळ मेसेजच्या थ्रेडमध्ये. थ्रेडमध्ये उत्तर लिहिताना खाली ते चॅनलवरही पाठवण्यासाठी एक चौकट असते. तिच्यावर फक्त शेवटच्या, निकालाच्या मेसेजला टिक करायची. काहीजण प्रत्येक उत्तराला टिक करतात, मग सगळं दोनदा दिसतं आणि थ्रेडचा मतलबच उरत नाही.

थ्रेडचा एक खरा दोष आहे आणि तो स्लॅकचाच आहे. ज्याने त्या थ्रेडमध्ये लिहिलं नाही, ज्याचं नाव कोणी घेतलं नाही, त्याला आत काय चाललंय याची खबर आपोआप लागत नाही. वरचा मेसेज तसाच शांत दिसतो, खाली फक्त ‘३७ उत्तरं’. म्हणजे आपल्या मूळ प्रश्नावर, हजर नसलेल्या माणसाला काय कळतं त्यावर, थ्रेड मोठा झाला की नापास. त्यामुळे एक रेघ आखून घ्या: उत्तरं २० झाली आणि विषय सुटला नाही, तर तिथे ‘हडल घेतोय’ (हडल म्हणजे स्लॅकमधलाच झटपट कॉल) लिहायचं, १० मिनिटं बोलायचं, आणि जो बोलला नाही त्याने चार ओळींत सारांश त्याच थ्रेडमध्ये टाकून चौकटीवर टिक करायची. सारांश न बोलणाऱ्याने लिहायचा याला कारण आहे. बोलणारा जे म्हणायचं होतं ते लिहितो, ऐकणारा जे ठरलं ते लिहितो.

‘बघतो’ आणि ‘परवा’

परदेशी मार्गदर्शिका वाचून टीम चालवणाऱ्यांना हे सापडणार नाही, कारण ही अडचण मराठीची आहे.

‘बघतो’ या शब्दाचे कमीत कमी तीन अर्थ आहेत: करतो, जमलं तर करतो, आणि करणार नाही पण तोंडावर कसं सांगू. समोर बसून बोलताना आवाजावरून कळतं. स्लॅकवर तिन्ही सारखेच दिसतात. ‘होऊन जाईल’ तसलंच, कारण त्यात कर्ताच नाही, कोण करणार ते कोणालाच माहीत नाही. टीममध्ये सरळ सांगून ठेवावं की ‘बघतो’च्या पुढे वेळ लिहायची: ‘बघतो, ४ वाजता कळवतो’. वेळ नसलेलं ‘बघतो’ आलं तर लीडने न रागावता एवढंच विचारायचं, ‘कधी कळवशील?’ दोन आठवड्यांत सवय लागते.

‘परवा’ तर त्याहून वाईट. मागचा परवाही तोच आणि पुढचा परवाही तोच. ‘परवाचं बिल्ड’ म्हणजे आलेलं की यायचं? क्रियापद नसलेल्या तुटक मेसेजमध्ये हे कळायला मार्ग नाही. तारीख लिहा. ‘ईओडी’, म्हणजे ‘दिवसअखेर’, हाही तसाच शब्द. न्यूयॉर्कमधल्या माणसाचा दिवस संध्याकाळी ६ला संपतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे ३:३० झालेले असतात. कोणाचा दिवस, ते लिहिल्याशिवाय ईओडीला अर्थ नाही.

तिसरी गोष्ट शोधाची. स्लॅकचा शोध चांगला आहे; कोणी लिहिलं, कुठल्या चॅनलवर, कुठल्या तारखेआधी-नंतर अशी गाळणी लावता येते. पण आपली निम्मी मंडळी मराठी रोमन लिपीत टाइप करतात, आणि ‘झालं’ कोणी झेडने लिहितो, कोणी जे-एचने, कोणी झेड-एचने. शोधयंत्राच्या लेखी ते तीन वेगळे शब्द. मेसेज समोर असून सापडत नाही. कीबोर्डची सक्ती करून भांडण ओढवून घेऊ नका. टिकट क्रमांक, मॉड्यूलचं नाव आणि तारीख या तीन गोष्टी ठरलेल्या एकाच पद्धतीने लिहायच्या, बाकी मजकूर कसाही असो. शोध या तिघांवरच लागतो.

तू-तुम्हीचा प्रश्नही उडवून लावू नका. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम, मराठीत तसं नाही. पन्नाशीच्या टेस्टरला २६ वर्षांची लीड कॉलवर ‘तुम्ही’ म्हणते आणि घाईत टाइप करताना ‘करून टाक’ लिहून जाते, हे मनाला लागतं. कामाच्या मेसेजमध्ये ‘तपासून हवंय’, ‘उत्तर ६पर्यंत हवं’ अशी रचना ठेवली की मान राखला जातो आणि मुद्दाही स्पष्ट राहतो.

आवाज, पाटी आणि हिरवा ठिपका

डेस्कटॉपवर मूळ सेटिंग बऱ्यापैकी शहाणं असतं: डीएम आला किंवा तुमचं नाव घेतलं तरच आवाज. सगळा गोंधळ होतो तो @चॅनल आणि @हिअर यांच्या उधळपट्टीने. @चॅनल म्हणजे चॅनलवरच्या प्रत्येकाला हाक, @हिअर म्हणजे त्या क्षणी ऑनलाइन असलेल्यांनाच. रिमोट टीममध्ये @हिअर जास्त घातक, कारण जो ऑफलाइन आहे त्याला हाक पोचत नाही आणि लीडला वाटतं सगळ्यांना सांगून झालं. @चॅनलचा हक्क ॲडमिन सेटिंगमधून मोजक्या लोकांपुरता ठेवता येतो. ठेवाच. वेगवेगळ्या टाइमझोनमधले लोक असतील तर पाठवण्याआधी स्लॅक ‘इतक्या जणांना, इतक्या टाइमझोनमध्ये हाक जाईल’ असं विचारतं. ही सूचना वाचून थांबणारे लोक थोडे, पण आहेत.

‘डू नॉट डिस्टर्ब’ ही पुणेकरांना शिकवायची गोष्ट नाही. दुपारी १ ते ४ची पाटी इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, स्लॅकने तिला ‘झेड’ची खूण लावली इतकंच. प्रत्येकाने रोजची वेळ लावून ठेवावी आणि स्टेटसमध्ये पाटी लिहावी, कारण पाटीत मजकूर हवा. नुसतं ‘बिझी’ लिहू नये. ‘कोड रिव्ह्यू, ४ला परत, प्रॉडक्शन पडलं तर फोन’ असं लिहावं. स्टेटसला मुदत लावता येते, म्हणजे पाटी आपोआप उतरते. नाहीतर सोमवारी लावलेलं ‘जेवायला गेलोय’ गुरुवारपर्यंत राहतं.

लीड स्वतः रात्री ११ला कामाचं लिहीत असेल तर पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणावरून सकाळी ९:३०ची वेळ लावावी. ‘उत्तर उद्या दिलं तरी चालेल’ असं रात्री पाठवलेल्या मेसेजमध्ये लिहिण्यात अर्थ नसतो. वाचणारा जागा झालेला असतो.

हिरव्या ठिपक्यावर माणसं मोजणाऱ्या मॅनेजरांसाठी एक माहिती: डेस्कटॉपवर १० मिनिटं माउस-कीबोर्ड हलला नाही की ठिपका विझतो. कागदावर आकृती काढत विचार करणारा आर्किटेक्ट ‘गैरहजर’ दिसतो आणि माउस हलवत सिरीज बघणारा ‘हजर’. ठिपका बघायचाच नाही.

तातडीचं काय, हे मात्र लेखी ठरलेलं हवं. साधारण चालणारी पद्धत अशी: चॅनलवर लिहिलं तर उत्तर त्या दिवसात, नाव घेऊन लिहिलं तर २ तासांत, डीएम तर ३० मिनिटांत, आणि प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) पडलं तर थेट फोन, टाइप करत बसायचं नाही. आकडे आपल्या टीमप्रमाणे बदला, पण ‘जनरल’वर पिन करून ठेवा. हे नसेल तर प्रत्येक मेसेज तातडीचा वाटतो आणि माणूस दिवसभर स्लॅकच बघत बसतो. स्लॅकवरची सगळ्यात रास्त तक्रार हीच आहे.

घड्याळं

स्लॅक प्रत्येकाच्या प्रोफाइलवर त्याची स्थानिक वेळ दाखवतं, हे उपयोगी. पण फसगत होते ती कॅलेंडरवर. आपलं घड्याळ वर्षभर तेच, अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. पुण्यातले संध्याकाळचे ७:३० म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे १०, हिवाळ्यात ९. रोजच्या कॉलचं निमंत्रण कोणी बनवलं यावर कोणाची वेळ हलणार ते ठरतं. क्लायंटने बनवलं असेल तर त्याचे १० तसेच राहतात आणि नोव्हेंबरात तुमचा कॉल ८:३०वर जातो, नेमका स्वयंपाकाच्या वेळेला. त्यात युरोपही असेल तर आणखी गंमत: तिकडे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा तिघांचं गणित नेहमीपेक्षा वेगळं असतं. हे आठवडे जानेवारीतच कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

‘रजा’ चॅनलवरही हेच. टीम भारतातच असली तरी सुट्ट्या एक नसतात. बंगळुरूला १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी, पुण्यात नाही. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीत राहणाऱ्याला घरी असूनही ढोल-ताशांमुळे कॉल घेता येत नाही, त्याने त्या दिवशी फक्त लिहून काम करावं, हे आधीच ठरवलेलं बरं.

दिवस संपताना अमेरिकेकडे काम सोपवत असाल तर हँडओव्हरच्या चार ओळी: काय झालं, कुठे अडलंय, तिकडे पहिलं काय करायचं, आणि कशाला हात लावायचा नाही. चौथी ओळ गाळली की सकाळी उठल्यावर कोणीतरी डेटाबेस ‘साफ’ करून ठेवलेला असतो.

रोजचा स्टँडअप लिहूनच घ्या. स्लॅकची रिमाइंड कमांड वापरून चॅनलवर रोज सकाळी १०:१५ला आठवण लावता येते. ती लावणाऱ्याच्या टाइमझोननुसार वाजते, म्हणून पुण्यातल्या माणसानेच लावावी. काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. लीडने फक्त तिसऱ्या ओळीला उत्तर द्यायचं, आणि ११च्या आत द्यायचं. उत्तर येत नाही असं दिसलं की आठवड्याभरात सगळे ‘काही नाही’ लिहायला लागतात, आणि मग स्टँडअप म्हणजे हजेरीपट.

हडल, आणि गुरुवारची वीज

दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी हडल उत्तम. लिंक नाही, निमंत्रण नाही, बटण दाबलं की बोलणं सुरू; बोलताना टाकलेल्या लिंका थ्रेडमध्ये मागे राहतात. मोफत प्लॅनवर दोघांपुरतंच, पैसे भरले की ५० जणांपर्यंत. क्लायंटच्या डेमोला मात्र झूम किंवा गूगल मीटच बरं. मोफत वापरताना लक्षात ठेवा: झूम ४० मिनिटांनी कापतं, मीट तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटांनी.

हे सगळं विजेवर. पुण्यात देखभालीची वीजबंदी बहुतेक गुरुवारी येते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. फायबरचा ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे यूपीएस आणल्यावर आठवतं. आणि केबलवाल्याची जोडणी जिन्यातल्या स्विचवरून येत असेल तर घरचा यूपीएस असूनही नेट जातं, कारण स्विचची वीज गेलेली असते. थेट घरात फायबर येणाऱ्या जोडणीत वाटेतले स्प्लिटर विजेविना चालतात, तिथे हा त्रास कमी. लीडने गुरुवारी सकाळी रिलीज ठेवूच नये.

जे स्लॅकवर करू नये

चूक दाखवणं. कौतुक चॅनलवर करा, नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून. चूक फोनवर. लिहिलेलं ‘ठीक आहे.’ पूर्णविरामासकट रागाचं वाटतं, आणि नुसतं ‘बरं’ तर काहीही वाटू शकतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास आवाजावर बोलणं, शक्यतो व्हिडिओशिवाय, दोघंही चालत असताना. त्याला ॲप लागत नाही.

व्हॉट्सॲप, टीम्स आणि पैसे

‘व्हॉट्सॲप आहेच की’ हा युक्तिवाद प्रत्येक टीममध्ये होतो. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण एका ग्रुपमध्ये पाच विषय एकमेकांत मिसळतात, नव्या माणसाला मागचं सगळं दिसत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवर क्लायंटच्या फाइली तशाच राहतात. स्लॅकवर खातं बंद केलं की वाट बंद. कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर टीम्स आधी वापरून बघा. कॉल आणि फाइलींच्या बाबतीत ते स्लॅकपेक्षा सरस आहे, चर्चा वाचायला मात्र जड.

स्लॅकचे पैसे माणशी, दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. मोठा फरक इतिहासाचा. मोफत प्लॅनवर मागच्या ९० दिवसांचेच मेसेज आणि फाइली दिसतात, ॲप १०च जोडता येतात, आणि एक वर्षापेक्षा जुनं कायमचं पुसलं जातं. वर्षाच्या आत पैसे भरले तर झाकलेलं परत दिसतं, पुसलेलं येत नाही. पैसे भरणाऱ्या प्रत्येक सदस्यामागे एकाच चॅनलपुरते ५ पाहुणे फुकट बसवता येतात, क्लायंटच्या माणसांसाठी हे छान.

मोफत प्लॅनवरच राहायचं असेल तर ‘निर्णय’ चॅनल स्लॅकवर ठेवू नका. एका सामायिक गूगल डॉकमध्ये ठेवा, स्लॅकवर फक्त लिंक टाका. आणि चाचणी म्हणून सुरू करणार असाल तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. पैसे भरायचे की नाही हे ८०व्या दिवसाच्या आत ठरवा, कारण ९१व्या दिवशी ज्या मेसेजमध्ये ‘उत्तर कधीपर्यंत’चे नियम ठरले होते, तोच आधी दिसेनासा होतो.